थंडरबोल्टचं इंजिन: वाइंडिंगची तार, रेझिन की थ्रीडी प्रिंट?

विमानाच्या मॉडेलचं किट घरी आलं, इंजिनाचे तुकडे पाहिले आणि लगेच मोबाइलवर रेझिनचं, म्हणजे वेगळं ओतलेल्या कडक प्लास्टिकचं, इंजिन शोधायला बसलात, असं पुष्कळांचं होतं. त्याआधी एक काम करा. काउलिंगचे, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाचे, भाग चिकटपट्टीने तात्पुरते जोडा, पुढे प्रोपेलर धरा, आणि कपाटात मॉडेल जिथे ठेवणार तेवढ्या अंतरावरून आत काय दिसतं ते बघा. इंजिनावर किती पैसे आणि किती डोळे घालवायचे ते काउलिंगचं तोंड ठरवतं.

स्पिटफायर घ्या. आतलं मर्लिन बारा सिलिंडरांचं, २७ लिटरचं, जगात नावाजलेलं. पण काउलिंग बंद केलं की बाहेर एक्झॉस्टच्या नळ्या तेवढ्या उरतात. झाकणं उघडी ठेवणार नसाल तर त्यावर एक रुपयाही घालू नका. फॉकवुल्फ १९० मध्ये बीएमडब्ल्यू ८०१ हे रेडियल, म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेलं, इंजिन आहे, तोंडही गोल आणि उघडं; पण सिलिंडरांच्या पुढे हवा ढकलणारा दाट पात्यांचा पंखा बसवलाय. त्याच्या मागची कारागिरी तुम्हाला आणि देवालाच ठाऊक. झीरो, कोर्सेअर, हेलकॅट आणि थंडरबोल्ट यांची गोष्ट वेगळी. यांच्या नाकातून सिलिंडर सरळ दिसतात, आणि कच्चं काम असेल तर तेही दिसतं.

पुढचं सगळं १/४८ च्या, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या, पी-४७ थंडरबोल्टला धरून लिहितोय. त्याच्या नाकाचं तोंड चांगलं ऐसपैस आहे, हे एक कारण. दुसरं म्हणजे हे विमान आपल्यालाही अगदी परकं नाही. १९४४-४५ मध्ये रॉयल एअर फोर्सच्या थंडरबोल्ट तुकड्या इथूनच ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढल्या. गडद रंगाच्या नाकावर पांढरा पट्टा असलेलं ते रूप कपाटात फार शोभतं.

इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं, आर-२८०० डबल वास्प. २८०० हे घन इंच, म्हणजे साधारण ४६ लिटर. नऊ-नऊ सिलिंडरांच्या दोन रांगा, दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एकूण ३६ प्लग आणि तेवढ्याच तारा. खऱ्या इंजिनाचा व्यास सुमारे १.३४ मीटर. १/४८ मध्ये तो २८ मिलिमीटर होतो, जवळपास दहा रुपयांच्या नाण्याएवढा. एवढ्या जागेत काय काय मावतं आणि कुणाकडून करून घ्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

किटचं इंजिन आणि वाइंडिंगची तार

तामिया या जपानी कंपनीच्या थंडरबोल्टमध्ये सिलिंडरांच्या दोन रांगा वेगवेगळ्या येतात आणि त्यांच्यावरचं काम चांगलं आहे. उणीव आहे ती इग्निशनच्या, म्हणजे स्पार्क प्लगकडे जाणाऱ्या, तारांची. तेवढ्या घातल्या आणि रंग नीट केला की समोरून बघणाऱ्याला आणखी काही मागावंसं वाटत नाही.

तार किती जाडीची? खरी केबल आवरणासकट साधारण १० मिलिमीटर धरली, तर १/४८ मध्ये ०.२ मिलिमीटर हवी. ३६ गेजची तार ०.१९ मिलिमीटर असते आणि छताच्या पंख्याच्या वाइंडिंगला हीच सर्रास वापरतात. म्हणजे जी गोष्ट परदेशातून 'मॉडेलिंग वायर' म्हणून पाकिटात येते, ती सोलापुरात जिथे जिथे मोटारी भरतात तिथे रिळावर पडलेली आहे. अक्कलकोट रोडला यंत्रमागांच्या मोटारी भरणारे तर तार किलोवर मोजतात. मी हातभर मागितली तेव्हा कारागिराने आधी चष्म्यावरून बघितलं. "मालक, एवढ्यात कुठली मोटार भरताय?" विमानाची, म्हटल्यावर हसला आणि जुन्या रिळाचा उरलेला गुंडाळा काढून दिला. "न्या की, पैसे कशाला." १/७२ साठी ३८ किंवा ४० गेज मागा, १/३२ साठी ३० गेज.

सोलापुरात राहून तारेऐवजी सूत वापरायचा मोह होतोच. करू नका. कितीही पिळाचं सूत असलं तरी त्याची लव रंग लागल्यावर उभी राहते आणि या मापात ती केबलला झाडू फुटल्यासारखी दिसते.

काम असं चालतं. पुढच्या गिअरकेसभोवती (प्रोपेलरमागची गिअरची पेटी) इग्निशनची कडी असते, तिच्यावर ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडायची. ड्रिल धरायला पिनवाइस लागतो. घड्याळ दुरुस्तीची किंवा सोनारकामाची अवजारं विकणाऱ्यांकडे मिळतो, चिमटाही तिथलाच घ्या. तारेचं एक टोक भोकात, त्यावर सुईच्या टोकाने फेविक्विकचा ठिपका. सगळ्या तारा आधी कडीत बसवायच्या, पक्क्या होऊ द्यायच्या, आणि मगच एकेक वाकवून सिलिंडरच्या डोक्याकडे न्यायची. एक तार दोन्ही टोकांनी पुरी करून मग दुसरी घ्यायची, असं केलंत तर चौथ्या तारेला बोट लागून पहिली निघते. ३६ च्या ३६ घालायची गरज नाही. काउलिंग बंद असेल तर पुढच्या रांगेतल्या नऊ सिलिंडरांच्या पुढल्या तारा ठसठशीत दिसतात; बाकीच्या तारा दोन सिलिंडरांमधल्या फटीत शिरताना दाखवल्या आणि तिथेच कापल्या तरी भागतं. यात लबाडी वाटत असेल तर खुशाल सगळ्या घाला, तो तुमचा रविवार आहे.

रंगाबद्दल मात्र मी हट्टी आहे. बरेच जण ही तार तांब्याच्याच रंगात चमकत ठेवतात. खऱ्या विमानात रेडिओत खरखर येऊ नये म्हणून इग्निशनच्या केबलवर धातूचं जाळीदार आवरण असायचं. तेव्हा रंग मळकट चांदी-राखाडीकडे झुकलेला हवा. गिअरकेस राखाडी, पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या काळ्या, सिलिंडर गडद धातूचे. त्यावर चकचकीत वार्निशचा हात देऊन कॅमलच्या ऑइल कलरमधला काळा आणि बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सोडला की सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बारीक पात्यांच्या फटी आपोआप उठतात. शेवटी पात्यांच्या कडांवर ६बी पेन्सिल घासा. याला जे पैसे पडतात ते सांगण्याइतकेही नाहीत. वेळ मात्र दोन-तीन संध्याकाळी सहज खातं.

रेझिनचं इंजिन

रेझिन सरस का असतं, हे एकदा समजलं की पैसे कशाचे जातात तेही समजतं. किटचं प्लास्टिक पोलादी साच्यात ओततात आणि साचा सरळ रेषेत उघडावा लागतो. त्यामुळे सिलिंडरच्या बगलेला, साच्याच्या आड येणारं काम करताच येत नाही. रेझिन सिलिकॉन रबराच्या साच्यात ओततात. रबर वाकतं, सोलून काढता येतं, म्हणून चारी बाजूंनी खोल, पातळ पाती मिळतात. चेक देशातल्या एरीस, क्विकबूस्ट आणि एडुआर्डच्या ब्रासिन मालिकेत हे काम उत्तम असतं.

आता अडचणी. पहिली बसवण्याची. किटच्या काउलिंगची भिंत एक मिलिमीटर जाड असली तरी १/४८ च्या हिशेबाने ती जवळपास पाच सेंटिमीटर जाडीची झाली. खऱ्या विमानात तिथे पातळ पत्रा असतो. किटवाले इंजिन थोडं बारीक करून जमवून घेतात. रेझिनवाल्याने व्यास खरा ठेवला, तर काउलिंग आतून घासत बसायची पाळी तुमच्यावर. म्हणून पाकिटावर कोणत्या कंपनीच्या किटसाठी आहे ते बघूनच घ्या. दुसरी अडचण उपप्रकाराची: आर-२८०० एकच नव्हतं. थंडरबोल्टच्या डी प्रकारांत जुन्या पिढीचं, तर एम आणि एन मध्ये पुढच्या पिढीचं इंजिन होतं, आणि दोघांची पुढची गिअरकेस वेगळी दिसते. संग्रहालयातल्या विमानाचा फोटो बघून ठरवलंत तर फसाल, कारण दुरुस्त करून उडवलेल्या विमानांत पुष्कळदा मिळेल ते इंजिन बसवलेलं असतं. युद्धकाळातला फोटो शोधा.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. इग्निशनच्या तारा याही इंजिनात बहुधा नसतातच! त्या पुन्हा तुम्हालाच घालायच्या. पार्सलवर टपालखर्च आणि कस्टम्स भरून आणलेल्या इंजिनालाही शेवटी पंख्याचीच तार.

शिवाय रेझिनला प्लास्टिकचं सिमेंट चिकटत नाही, फेविक्विक किंवा अॅरल्डाइट लागतं. आधी विमच्या पाण्याने धुऊन साच्याचं तेल काढा, नाहीतर रंग सोलून निघेल. आणि ओतीव ठोकळा कापताना उडणारी पूड फुप्फुसांना वाईट. ओल्या पॉलिश पेपरवर घासा, मास्क लावा. घरात लहान मूल असेल तर जेवणाच्या टेबलावर हे काम नकोच.

थ्रीडी प्रिंट

इथे साचाच नाही, त्यामुळे आकाराची अडचणही नाही. पुशरॉड सुटे, पाती कागदासारखी, काही सेटमध्ये तर इग्निशनच्या तारासुद्धा इंजिनासोबतच छापून येतात. तार वाकवायचा कंटाळा असलेल्याला किंवा चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं झालेल्याला हा पर्याय खरोखर सोयीचा आहे. ठोकळा कापणं नाही, फक्त आधाराच्या काड्या खुडायच्या.

पण खुडताना जीव मुठीत धरा. हे रेझिन ठिसूळ असतं, पुशरॉड काडीसकट तुटून येतो. काडीला मुळाशी धारदार कटरने छाटा, वाकवून मोडू नका. उन्हात तर ठेवूच नका. अतिनील किरणांनी कडक होणारा माल आहे, खिडकीत राहिला की आणखी ठिसूळ होतो. गुळगुळीत गिअरकेसवर थरांच्या रेघा आहेत का तेही बघा. कोऱ्या राखाडी तुकड्यावर त्या दिसत नाहीत, काळा वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, सोडला की जमिनीच्या नकाशासारख्या उमटतात. नावाजलेल्या कंपनीच्या मालात हा त्रास कमी. ओळखीच्या प्रिंटरवाल्याकडून छापून घेणार असाल तर आधी एक सिलिंडर छापून मागा.

पितळी फोटोएच, म्हणजे पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेल्या भागांच्या, सेटमध्येही तारांचं जाळं मिळतं. तार गोल असते, फोटोएच चपटं. तेवढ्यावर मी तो पर्याय सोडतो.

आपली हवा

हे कोणत्या ऋतूत करताय यानेही फरक पडतो. फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने सुकतं. त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते अपेक्षेपेक्षा हळू धरतं आणि पावसाळी दिवसांत पटकन धरून आजूबाजूला पांढरी भुकटी सोडतं. अॅक्रिलिक रंगाचं नेमकं उलटं: पाऱ्याने चाळिशी पार केलेल्या दुपारी तो कुंचल्याच्या टोकावरच वाळतो. रंगात तो उशिरा वाळवणारं रिटार्डर घाला, किंवा सकाळी लवकर बसा. पंखा लावला की ०.२ मिलिमीटरची तार जाते कुठे ते सापडत नाही, आणि पंखा बंद करून मे महिन्यात बसवत नाही. त्यामुळे तारेचं काम मी थंडीतच काढतो. गड्ड्याची जत्रा भरते त्या सुमाराला, जानेवारीत, हवा या कामाला छान असते.

मग घ्यायचं काय

काउलिंग बंद आणि किट तामियासारखं चांगलं असेल, तर किटचंच इंजिन आणि ३६ गेजची तार. यावर माझं मत पक्कं आहे. वाचलेल्या पैशात आणखी एक किट येण्याच्या वाटेवर लागतं. काउलिंगची झाकणं काढून इंजिन चारी बाजूंनी दाखवायचं असेल तर रेझिन किंवा प्रिंट घ्या; मागची रांग, एक्झॉस्टच्या नळ्या, इंजिनाची चौकट हे सगळं हाताने करत बसलात तर विमान बाजूला राहील. किट जुनं असेल, सिलिंडर नुसत्या फुगवट्यांसारखे असतील, तर काउलिंग बंद असलं तरी प्रिंट घ्यायला हरकत नाही. आणि १/७२ मध्ये इंजिन जेमतेम साडेअठरा मिलिमीटरचं, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. तिथे चांगला वॉश आणि पेन्सिल पुरते.

टेम्पेस्ट टू करणाऱ्यांना एक सावधगिरी. १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत आपल्या हवाई दलाने वापरलेलं हे विमान, म्हणून अनेकांच्या यादीत असतं. त्याचं ब्रिस्टल सेंटॉरस इंजिनही अठरा सिलिंडरांचं रेडियल आहे, पण ते स्लीव्ह व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्हचं काम सिलिंडरातली सरकती नळी करते. त्याला पुशरॉड नाहीतच. थंडरबोल्टवर हात बसला म्हणून त्याच उत्साहात तिथे काळ्या काड्या चिकटवू नका. स्पार्क प्लगच्या तारा मात्र आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालेलं मिग-२१ करायला घेतलं असेल, तर वरचा सगळा हिशेब उलटतो. जेट इंजिन अंगात गडप होतं. बाहेर दिसतं ते फक्त मागचं नोझल आणि टॉर्च मारली तर आतलं आफ्टरबर्नरचं कडं. बऱ्याच किटमध्ये ही नळी दोन अर्ध्यांत येते आणि आतला सांधा घासायला बोट पोहोचत नाही. तिथे घासाघीस करत बसू नका, अखंड छापलेलं नोझल सरळ मागवा.