धम्मगिरी, इगतपुरी: दहा दिवसांच्या शिबिराचा अनुभव

गिरगावातली आमची चाळ पाडली त्याला वर्ष झालं, तरी खोलीची किल्ली माझ्या खिशात असायची. किल्ली आहे, दार नाही. मुलीने ती पाहिली आणि धम्मगिरी या विपश्यना ध्यानकेंद्राचा फॉर्म भरायला लावला.

मोबाइल, पाकीट पहिल्याच दिवशी जमा. पहाटे ४ ला घंटा, साडेचारपासून ध्यान, रात्री साडेनऊला दिवे बंद. संध्याकाळी ५ ला चहा, कुरमुरे, फळ; त्यानंतर जेवण नाही. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन. भुकेचं मला भय होतं, पण खरी परीक्षा गुडघ्याची झाली.

पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे फक्त श्वास पाहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभर उठणाऱ्या संवेदना नुसत्या पाहणं, शिकवतात आणि मग रोज तीनदा तासभर न हलता बसायचं. त्याला अधिष्ठान म्हणतात. सहाव्या दिवशी डावा गुडघा असा पेटला की वाटलं, हा आता कायमचा गेला. ध्वनिमुद्रणातून ही साधना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचा आवाज येत होता: अनिच्च, अनिच्च. म्हणजे अनित्य, काहीच टिकत नाही. नेमकं कुठे दुखतंय ते पाहायला गेलो, तर दुखणं एका जागी सापडेना. वाटीखाली होतं, मग मागच्या शिरेत, मग नुसत्या मुंग्या. कीर्तनात ‘देह क्षणभंगुर’ ऐकून जन्मभर मान डोलावली. ते कळलं मात्र साठी उलटल्यावर, त्या तासात.

त्या रात्री चाळीसाठी पोटभर रडलो. मौन असल्यामुळे समजूत घालायला कोणी आलं नाही, ते बरंच झालं. पडल्या पडल्या आठवलं, लाकडी कठडे जाऊन लोखंडी आले होते, चौकातला नळ गेला होता, शेजारची बिऱ्हाडं बदलली होती. मी धरून बसलो होतो ती चाळ पाडण्याआधीच कितीदा तरी गेली होती.

राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेही पैसे घेत नाहीत. दान द्यायचं असेल तर शिबिर पूर्ण झाल्यावरच. १९७६ पासून हे केंद्र असंच चाललंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गुडघे अधू असतील तर आधीच सांगा, खुर्ची मिळते. मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर फॉर्मवर अजिबात लपवू नका. पावसाळ्यात जाणार असाल तर दोन टॉवेल जास्तीचे घ्या. इगतपुरीच्या पावसात काही वाळत नाही.