१२ व्होल्टचा बिल्ज पंप घेताय? पाऊस उपसेल, बोट राखणार नाही

बिल्ज पंप म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसून बाहेर टाकणारा पंप. पंप म्हणून वस्तू चांगलीये हे आधीच सांगतो, आवाज कमी आहे, खालची जाळी पटकन निघते, पाणी जोरात फेकतो. ५ पैकी ४ स्टार. एक कापला तो दुकानदार हा पंप "लावा आणि बिनधास्त घरी जा" म्हणून विकतात त्यासाठी. खाडीत नांगरून ठेवलेल्या फायबर बोटीसाठी हे ऐकून पंप घेऊ नका.

बॉक्सवर ११०० जीपीएच (गॅलन दर तासाला) लिहिलंय, म्हणजे तासाला साधारण ४१०० लिटर. पण तो आकडा पाणी अजिबात वर न चढवता आणि १३.६ व्होल्टवर मोजलेला असतो. बोटीत तळातलं पाणी मीटरभर वर चढवून बाहेर टाकायचं, इंजिन बंद म्हणून व्होल्टेज १२ च्या आसपास, त्यात आतून खाचा असलेला स्वस्त पाईप लावला की अजून कमी, त्यामुळे निम्मंच धरून चाला. आता पाण्याखाली फूटभर असलेला, इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत आणणारा एक इंची होज निसटला तर तासाला अडीच हजार लिटरच्या वर पाणी आत येतं. बॅटरी फुल्ल असून, पंप सुरू असूनही बोट भरतच जाणार.

पावसाचं मात्र जमतं. ६ बाय २ मीटरच्या उघड्या बोटीत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १२०० लिटर होतात, ते हा तासाभरात काढतो, शाफ्टच्या ग्लँडमधून (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या सीलमधून) टपकणारं पण काढतो.

खरी अडचण बॅटरीची आहे. पंप साडेतीन-चार अँपिअर खातो, ७५ एएचची (अँपिअर-तास) बॅटरी निम्मी वापरायची म्हटलं तर सलग १० तास, पूर्ण पिळली तरी २० च्या आसपास. जेट्टीवर आपल्याकडे लाईटचा पॉइंट कुठे असतो, आणि पावसाच्या दिवसात सोलर प्लेट काय चार्ज करणार?

फ्लोट स्विच, म्हणजे पाणी वाढलं की तरंगून वर येऊन पंप आपोआप सुरू करणारा स्विच, तर सगळ्यात कच्चा दुवा. खवले, जाळ्याचे तुकडे, डिझेलचा चिकट थर बसला की तो खाली अडकतो आणि पंप सुरूच होत नाही, किंवा वर अडकतो आणि पंप कोरडा फिरून बॅटरी संपवतो, मग खरं पाणी आलं की काहीच नाही. ओहोटीला बोट गाळावर एका बाजूला कलली की पाणी तिकडे साचतं आणि स्विच मधोमध कोरडाच राहतो. 

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. ऑटोमॅटिक पंप गळती लपवतो. ग्लँड रोज थोडी जास्त गळत असते, पंप गुपचूप उपसत असतो, मालकाला बोट कोरडी दिसते म्हणून तो फेऱ्या कमी करतो, आणि ज्या दिवशी बॅटरी बसते त्या दिवशी तिथे कुणीच नसतं. म्हणून पंप किती वेळा सुरू झाला ते मोजणारा काउंटर आणि पाणी वाढलं की वाजणारा बझर पंपासोबतच घ्या.

पाईप आतून गुळगुळीत घ्या, पंपाची वायर थेट बॅटरीवरून आणि स्वतःच्या फ्यूजमधून न्या, म्हणजे मेन स्विच बंद केला तरी तो चालेल. दुसरा पंप थोडा वर, वेगळ्या बॅटरीवर. बोट सोडताना समुद्राच्या पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा आणि जेट्टीवरच्या कुणाला तरी पैसे देऊन रोज आत डोकवायला सांगा. मासेमारीच्या पावसाळी बंदीत याच्या भरवशावर बोट पाण्यात ठेवू नका, वर ओढून घ्या.