शेतातले माळवद: सावरावे, पाडून बांधावे की जमिनीसह विकावे?

औसा तालुक्यातील (जि. लातूर) आमच्या शेतातले पाच खणांचे माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेले घर, आजोबांच्या काळातले आहे. वाटणीचा विषय निघाल्यापासून आम्हा भावंडांपुढे तीन वाटा आहेत: आहे ते सावरणे, पाडून स्लॅबचे घर बांधणे, किंवा घरासकट जमीन विकणे. ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे, त्यांच्यासाठी आमचा विचार मांडतो.

माळवदाचे सुख त्यात राहिलेल्यालाच कळते. वैशाखातल्या दुपारी ओसरीवरून आत पाऊल टाकले की अंग निवते, कारण हातभराहून रुंद दगडी भिंती आणि वरची पांढरीची माती ऊन आत येऊ देत नाहीत. सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, उतरणारा कवडसा कोणत्या खांबाला टेकला आहे, हे पाहून आजी वेळ सांगत असे. त्याच दिवसांत स्लॅबचे छत मध्यरात्रीपर्यंत गरम असते. उलट स्लॅबला दरवर्षी पावसाळ्याआधी माती घालावी लागत नाही की छतावरचे गवत उपटावे लागत नाही, आणि हे काम जाणणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत.

तरीही आमच्या भागात या तुलनेचा निकाल गारव्यावर लावता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच गेली, ती बहुतांशी मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाच्या भाराखाली. दहा फूट लांब-रुंद खोलीवर दीड फूट माती असली, तर माथ्यावर सहा-सात टन वजन असते. म्हणून माळवद ठेवायचे असेल तर ते जसेच्या तसे ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. माती उतरवून हलके छप्पर घालावे, भिंतीचे दोन्ही थर बांधणारे आरपार दगड बसवावेत आणि दारांच्या वर चारही भिंतींना जखडणारा काँक्रीटचा पट्टा द्यावा. यात गारवा बराच जातो, हे मान्य करावे लागते. कडीपाट, म्हणजे मातीखालचे लाकडी छत, तसाच ठेवून वर पत्रा घातल्यास थोडा टिकतो. भिंती फुगल्या असतील किंवा तुळया किडल्या असतील, तर मात्र नवे बांधणेच बरे. त्यातही आमच्या काळ्या जमिनीत पाया मुरमापर्यंत नेला नाही, तर नव्या भिंतींनाही तडे जातात.

विक्रीबाबत थोडक्यात: हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, तेव्हा बहिणींना सहीपुरते न बोलावता चर्चेच्या पहिल्या दिवशीच बोलवावे.

राहता राहिली आठवण, आणि ती सर्वांत जड. कोणती आठवण भिंतींत आहे आणि कोणती शेतात, हे आम्ही एकदा बसून वेगळे केले. आजीची दिव्याची देवळी, धान्याचे बळद, वडिलांनी आमची उंची कोरलेला सागवानी खांब, हे सारे घराचे. पण येळवस, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येचा शेतातला सण, घराची नाही. कडब्याची कोपी, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील यांना शेत लागते, छप्पर कोणतेही चालते. घर पाडले तरी खांब आणि देवळीचा दगड नव्या भिंतीत बसवता येतो. जमीन विकली तर येळवशीला कोणाच्या तरी बांधावर पाहुणे म्हणून जावे लागते. धाकट्या भावाला मुलांच्या शिक्षणासाठी पैशांची निकड आहे आणि ती खरी आहे, म्हणून घर व विहिरीभोवतीचा तुकडा सोडून त्याचा वाटा आम्हीच विकत घ्यावा, असे तूर्त ठरत आहे.

माती उतरवण्याचे काम उन्हाळ्यात धरणार आहोत. त्याआधीची येळवस जुन्या माळवदासमोरच व्हावी, असे थोरल्या बहिणीने सांगितले आहे; आंबिलीचे मडके ती सासरहून आणणार आहे.