ऑपेरा ऐकायचा तर व्हेरोना की मिलान?

इटलीच्या प्रवासात ऑपेरासाठी एकच संध्याकाळ काढता येणार असेल, तर हा प्रश्न पडतोच. ऑगस्टमध्ये जाणार असाल तर तो आपोआप सुटतो. तेव्हा मिलानचं ऑपेरागृह, ला स्काला, सहसा बंद असतं आणि व्हेरोनाचं उघडं रोमन प्रेक्षागार, अरेना, भरात असतं.

अरेनाचा थाट डोळे दिपवणारा आहे, यात वाद नाही. १९१३ साली, संगीतकार व्हेर्दीच्या जन्मशताब्दी वर्षात, इथे त्याचा 'आयदा' हा ऑपेरा झाला आणि उन्हाळी प्रयोगांची प्रथा पडली. विजययात्रेचा प्रसंग, तुताऱ्या, शेकडो माणसांचा कोरस, हे सगळं उघड्या आभाळाखालीच शोभतं. दगडी पायऱ्या पाठीला जाचतात, पावसाची धास्ती असते, पण तेवढं चालवून घेता येतं.

मला खटकलं ते वेगळंच. तिथे मी व्हेर्दीचाच 'ला त्राव्हियाता' ऐकला. शेवटच्या अंकात मरणाच्या दारातली नायिका व्हायोलेत्ता एक पत्र वाचते. गात नाही, नुसतं वाचते, आणि मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून अगदी हळू वाजत राहते. वरच्या पायऱ्यांवर माझ्यापर्यंत आली ती शेजारची कुजबुज आणि वारा. धून आलीच नाही. इटालियन ऑपेरावर माझा जीव आहे तो अशाच जागांसाठी. बाकी सगळं पाहून झालं तरी ती हुकलेली जागा मनातून गेली नाही.

ला स्कालातही कटकटी आहेत. बाजूच्या बॉक्सात मागची खुर्ची मिळाली तर अर्धा रंगमंच दिसत नाही, आणि वरच्या गॅलरीत गुडघे अवघडतात. पण त्या गॅलरीत हळुवार स्वरही स्पष्ट पोचतो. आजूबाजूचे लोक कान देऊन ऐकतात, आवडलं नाही तर तोंडावर सांगतात. १९०४ साली संगीतकार पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेराचा पहिलाच प्रयोग याच नाट्यगृहात पडला होता. गॅलरीचा तो दरारा अजून टिकून आहे.

मुलं बरोबर असतील किंवा 'आयदा'च पाहायचा असेल, तर व्हेरोनाला जरूर जा. 'त्राव्हियाता' किंवा पुच्चिनीचा 'ला बोएम' असेल, तर मी तरी मिलानच धरेन. तिकीट मात्र गॅलरीत मधोमध मिळेल असं बघा. बाजूचा बॉक्स स्वस्त दिसला तरी घेऊ नका.