पूर्व टोकियोतली खासगी पदभ्रमंती : पैसे नेमके कशाचे मोजावेत

टोकियोत पायी फिरण्यासाठी पैसे देऊन माणूस सोबत घ्यावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ‘हो, पण एकदाच, आणि अर्ध्या दिवसापुरता’ असे आहे. वाट चुकण्याची भीती हे आता कारण उरलेले नाही. स्थानकांवरचे फलक इंग्रजीतही आहेत, नकाशा फोनवर आहे आणि कोणत्याही देवळाचा इतिहास उभ्या उभ्या वाचता येतो. पैसे मोजायचे ते आपण थांबलो की थांबणाऱ्या, आपले प्रश्न ऐकून रस्ता बदलणाऱ्या आणि आपल्या वतीने जपानीत दोन शब्द बोलणाऱ्या माणसासाठी. या हिशेबाने पाहिले तर आम्ही घेतलेली सेवा पैसे वसूल करणारी ठरली. मात्र त्याचे श्रेय आरक्षण करणाऱ्या संकेतस्थळाकडे थोडे आणि आमच्या मार्गदर्शक बाईंकडे बरेच जाते.

आम्ही चौघे होतो आणि त्यात सत्तरीच्या घरातल्या आई व मावशी होत्या, त्यामुळे वीस-पंचवीस जणांच्या घोळक्यात झेंड्यामागे धावण्याचा पर्याय आधीच बाद होता. संकेतस्थळावर ‘खास तुमच्यासाठी आखलेली’ अशी जाहिरात असली तरी प्रत्यक्षात हाती आलेला आराखडा सर्वांना दिला जातो तोच होता : मेइजी देवस्थान, हाराजुकु, शिबुयाचा चौक आणि शेवटी आसाकुसा, असे शहराच्या दोन टोकांना जोडणारे सहा तास, ज्यातला बराच वेळ गाडीत गेला असता. आम्ही नकार कळवला, तेव्हा उत्तर म्हणून तोच आराखडा पुन्हा आला. मार्गदर्शकांशी थेट निरोपानिरोपी सुरू झाल्यावर मात्र चित्र पालटले. त्यांनी चार प्रश्न विचारले : किती चालवेल, जिने चढवतील का, काय खात नाही, आणि टोकियोत आधी काय पाहिले आहे. त्यावरून त्यांनी आसाकुसा, उएनो आणि यानाका असा पूर्वेकडचा पाच तासांचा मार्ग सुचवला. चौघांचे मिळून सुमारे ३० हजार येन, म्हणजे साधारण सतरा-अठरा हजार रुपये झाले. माणशी हिशेब केला तर हा दर अवाच्या सवा वाटत नाही. एकट्याने किंवा दोघांनी घेतला तर मात्र तो खिशाला जड जाईल.

मार्गदर्शक निवडताना एक गोष्ट पाहून घ्यावी. जपानमध्ये परदेशी पाहुण्यांना मोबदला घेऊन, त्यांच्या भाषेत मार्गदर्शन करण्यासाठी १९४९ च्या कायद्यानुसार परवाना आवश्यक होता. २०१८ पासून ही सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे आता कोणीही हे काम करू शकतो. परंतु राष्ट्रीय परवानाधारक मार्गदर्शक हे बिरुद भाषा, इतिहास, भूगोल आणि सामान्यज्ञान यांची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच लावता येते. ज्या दहा परकीय भाषांत ही परीक्षा होते, त्यांत हिंदी नाही, मग मराठीचे नावच नको. आमच्या बाई परवानाधारक होत्या आणि त्यांचे इंग्रजी संथ व स्पष्ट होते, त्यामुळे आईला बहुतेक सगळे समजले. सुरुवातीच्या दहा मिनिटांत त्यांनी सनावळ्यांचा पाठ म्हणून दाखवला खरा, पण आमचे प्रश्न सुरू झाल्यावर तो आपोआप मागे पडला.

सकाळी आठला कामिनारिमोन या दरवाज्यापाशी भेटायचे ठरले होते आणि त्या आमच्याआधी हजर होत्या. इतक्या लवकर येण्याचा आग्रह त्यांचाच. दहानंतर या दरवाज्यासमोर पाय ठेवायला जागा नसते. आठ वाजता नाकामिसे बाजारातली दुकाने बंद असतात आणि त्यांच्या लोखंडी दारांवर रंगवलेली आसाकुसाच्या सण-उत्सवांची चित्रे पाहायला मिळतात, जी दुकाने उघडली की वर गुंडाळली जातात. दरवाज्यातल्या सुमारे चार मीटर उंच, ७०० किलोच्या लाल कंदिलाचे छायाचित्र सगळेच समोरून घेतात. बाईंनी आम्हाला त्याच्या बरोबर खाली उभे करून मान वर करायला सांगितले, तेव्हा तळाच्या लाकडात कोरलेला ड्रॅगन दिसला आणि त्याभोवतीच्या पितळी पट्टीवर मात्सुशिता या विजेच्या उपकरणांच्या कंपनीचे नाव दिसले. मूळ दरवाजा १८६५ च्या आगीत जळाला आणि पुढची जवळजवळ ९५ वर्षे तो पुन्हा बांधलाच गेला नव्हता. आज पॅनासोनिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या उद्योगाचे संस्थापक कोनोसुके मात्सुशिता यांच्या देणगीतून १९६० मध्ये तो उभा राहिला. मे महिन्यातल्या सान्जा उत्सवात उंच पालख्या खालून नेता याव्यात म्हणून हा कंदील घडी घालून वर उचलतात, हेही तिथेच कळले.

सेन्सोजी हे टोकियोतले सर्वांत जुने देऊळ. इ. स. ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची मूर्ती आली, अशी त्याची कथा सांगतात. ही कथा ऐकताना मावशीने ‘म्हणजे आपला अवलोकितेश्वर’ असे सांगून बाईंना चकित केले. वेरूळ-अजिंठ्याची नावे त्यांना परीक्षेच्या अभ्यासातून ठाऊक होती. येथे १०० येन टाकून भविष्याची चिठ्ठी काढता येते. धातूचा षटकोनी डबा हलवायचा, छिद्रातून एक काडी बाहेर येते, तिच्यावरचा आकडा पाहून त्याच आकड्याचा लाकडी खण ओढायचा आणि वरची चिठ्ठी घ्यायची. या देवळाने जुने प्रमाण राखले असल्यामुळे १०० चिठ्ठ्यांपैकी ३० अशुभ निघतात. मावशीची तशीच निघाली. ती तिथल्याच तारेला बांधून मोकळे व्हायचे असते, हे सांगायला कोणी नसते तर तो कागद पुढचा आठवडाभर पर्समध्ये राहिला असता आणि आम्हाला त्याचे पारायण ऐकावे लागले असते.

मुख्य मंदिर पाहून बहुतेक सहली तिथूनच माघारी वळतात. आमच्या बाईंनी पूर्वेकडच्या नितेन्मोन दरवाज्यातून बाहेर काढले, आणि ही सहल वेगळी आहे हे तिथून जाणवू लागले. १० मार्च १९४५ च्या पहाटे अमेरिकी विमानांनी टाकलेल्या आगबॉम्बमध्ये या भागातला बहुतेक सगळा जुना मुलूख जळून गेला आणि एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. सेन्सोजीचे मुख्य मंदिर त्यातच गेले. आजचे मंदिर १९५८ मधले काँक्रीटचे आहे. सतराव्या शतकातला हा नितेन्मोन दरवाजा आणि शेजारचे आसाकुसा देवस्थान मात्र वाचले. पुढे सुमिदा उद्यानात कोतोतोई पुलाजवळ त्या रात्री मेलेल्यांचे स्मारक आहे आणि बाजूला जुन्या पुलाचे दगड ठेवलेले आहेत. नदी ओलांडून वाचू म्हणून दोन्ही तीरांवरची माणसे एकाच वेळी या पुलावर आली आणि मध्येच अडकली. बाईंनी ते मोजक्या वाक्यांत सांगितले, मतप्रदर्शन केले नाही. त्याच युद्धात जपानने इतरांशी काय केले तेही विचारावे असे मला वाटत होते. विचारल्यावर उत्तर सावध आणि पुस्तकी मिळाले. मार्गदर्शकाकडून याहून अधिकाची अपेक्षा ठेवणे कदाचित योग्यही नाही.

पुलाच्या थोडे पुढे, नदी न ओलांडता, एका छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे, आणि त्यासाठी हा संपूर्ण मार्ग बदलला होता असे म्हटले तरी चालेल. येथे कांगितेन, म्हणजे जपानी बौद्ध परंपरेत पोहोचलेला आपला गणपती, आराध्य आहे. बाईंना आम्ही महाराष्ट्रातून येत असल्याचे आधी कळवले होते, आणि आरक्षणाच्या आराखड्यात नसलेले हे ठिकाण त्यांनी स्वतः घातले. ज्येष्ठांसाठी टेकडीच्या कडेने वर नेणारी एक छोटी रुळांवरची गाडी आहे. आईने मात्र पायऱ्याच धरल्या. पायऱ्यांच्या दगडांवर, दिव्यांवर, छताखाली, जिकडे पाहावे तिकडे दोन चिन्हे कोरलेली : एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि पैशांची थैली. मुळा आरोग्य आणि घरातल्या सलोख्यासाठी, थैली धंद्याच्या बरकतीसाठी. नारळ-दूर्वांच्या ठिकाणी येथे मुळा वाहतात. प्रवेशाजवळच पांढरेशुभ्र, हातभर लांब मुळे विकायला मांडलेले असतात. आपण एक घ्यायचा, आत नेऊन वाहायचा. दरवर्षी ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सवही होतो. आईने मुळा वाहिला आणि मग ‘मूर्ती कुठे आहे?’ असे विचारले. मूर्ती गुप्त ठेवलेली असते आणि ती कोणालाच दाखवत नाहीत, हे बाईंनी सांगितले तेव्हा आईचा हिरमोड लपला नाही. कांगितेनाच्या मूर्ती बहुधा परस्परांना आलिंगन दिलेल्या दोन गजमुखी देवतांच्या असतात आणि जपानमध्ये त्या बहुतेक सगळीकडे पडद्याआड असतात. याच देवाच्या नैवेद्याला क्योतोत थैलीच्या आकाराचा, आत सारण भरून तळलेला एक पदार्थ करतात, असे सांगून बाईंनी फोनवर त्याचे छायाचित्र दाखवले. ते तळणीच्या मोदकाचे भावंडच होते. या देवळात आम्ही अर्धा तास काढला. तेवढ्या वेळात दुसरा एकही परदेशी प्रवासी तिथे आला नाही.

जेवणाचा प्रश्न शाकाहारी मराठी माणसासाठी या शहरात सर्वांत अवघड असतो, कारण मांस टाळणे सोपे आहे पण वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क टाळणे अवघड आहे. तो मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सारात असतो, सोबा या शेवयांच्या रस्स्यात असतो, तेम्पुराबरोबर, म्हणजे पीठ लावून तळलेल्या भाज्यांबरोबर, येणाऱ्या बुडवणीतही असतो, आणि वाढणाऱ्याला तो मासा वाटतच नाही. बाईंनी आदल्या दिवशी उएनोतल्या एका छोट्या खानावळीला फोन करून ठेवला होता. मालकांनी थंड सोबा, भाज्यांचे तेम्पुरा आणि रस्स्याऐवजी मीठ व किसलेला मुळा असे पुढे ठेवले. शिवाय तळणीचे तेल वेगळे आहे का, हे मावशीच्या शंकेवरून बाईंनी आत जाऊन विचारून घेतले. नव्हते. मावशीने तेम्पुरा माझ्याकडे सरकवला. निघताना बाईंनी आम्हाला एका कार्डावर जपानीत चार ओळी लिहून दिल्या : मांस, मासे, माशाचा अर्क आणि अंडी चालत नाहीत, दूध चालते. उरलेल्या प्रवासात ते कार्ड आम्ही प्रत्येक खानावळीत दाखवले. खरे सांगायचे तर सगळ्या शुल्काचा निम्मा भाग मी या जेवणाच्या आणि कार्डाच्या खाती टाकेन.

उएनोत आम्ही शिनोबाझु तळ्यातले बेंतेन्दो हे देऊळ तेवढे पाहिले. तिथली बेंझाईतेन म्हणजे सरस्वती, मात्र आठ हातांची. आवारात चष्म्यांचे, स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचे आणि फुगु माशाचे अशी कृतज्ञतेची स्मारके उभी आहेत. ज्यांनी पोट भरले किंवा डोळ्यांना साथ दिली त्यांचे ऋण मानण्याची ही पद्धत आम्हाला फार आवडली. पंधरा मिनिटांत तिथून निघालो.

यानाका हा १९२३ च्या भूकंपातून आणि १९४५ च्या आगीतूनही बऱ्याच अंशी वाचलेला भाग आहे. देवळे, दफनभूमी, लाकडी घरे आणि अरुंद गल्ल्या यांचे ते एक सलग जाळे आहे. कान्नोन्जी देवळाची माती आणि कौलांचे थर रचून बांधलेली जुनी भिंत, दफनभूमीत शेवटचे शोगुन, म्हणजे जपानचे लष्करी शासक, योशिनोबु तोकुगावा यांची समाधी, आणि एका तिठ्यावर पावाच्या छोट्या दुकानाशेजारी वाढलेला प्रचंड देवदार. हा हिमालयातला वृक्ष कुंडीतले रोप म्हणून इथे आला, असे सांगतात. हे सारे पाहायला दीड तास हवा होता, मिळाला पाऊण. सकाळचा वेळ लांबल्यावर तो इथून कापला गेला आणि पाच तास पूर्ण होताच बाईंनी निप्पोरी स्थानकाजवळ नम्रपणे, पण ठामपणे सहल संपवली. जादा तासाचे पैसे देण्याची आमची तयारी होती. त्यांना दुसरे काम होते. वेळ पाळणे हा त्यांचा गुण मान्य आहे, तरी आराखडाच दाटीवाटीचा होता, ही तक्रार राहते. उएनो वगळून आसाकुसा आणि यानाका एवढेच घ्यावे.

मार्गदर्शकांचे गाडीभाडे आणि जेवण आपल्याकडे असते, हे संकेतस्थळावर अगदी तळाशी लिहिलेले आहे. त्यात वाद नाही, पण ते ठळकपणे सांगायला हवे होते. बक्षिसी देऊ नये, अवघडल्यासारखे होते. आईने दिलेले पुण्याच्या बाकरवडीचे पाकीट मात्र बाईंनी दोन्ही हातांनी, वाकून घेतले.

तरुण जोडप्यांनी, सवडीने भटकणाऱ्यांनी आणि मासे खाणाऱ्यांनी एवढे पैसे घालण्याची गरज नाही. आसाकुसा आणि उएनोत सेवाभावी मार्गदर्शकांच्या विनामूल्य फेऱ्या असतात, आणि कामिनारिमोनसमोरच वास्तुविशारद केंगो कुमा यांनी आखलेल्या पर्यटन माहिती केंद्रात त्यांची चौकशी करता येते; त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरून नाकामिसे आणि सेन्सोजी फुकटात पाहता येतात. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी, कडक शाकाहारी असणाऱ्यांनी आणि देवदेवतांविषयी प्रश्न विचारल्याशिवाय ज्यांचे समाधान होत नाही अशांनी ही सेवा घ्यावी, मुक्कामाच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच घ्यावी, म्हणजे कार्ड, गाडीचे तिकीट आणि देवळातले रीतिरिवाज पुढे उपयोगी पडतात. मार्गदर्शकांशी थेट बोलणे झाल्याशिवाय पैसे भरू नयेत. जुलै-ऑगस्टमध्ये पाच तास चालण्याचा विचारही करू नये, आणि मे महिन्याच्या मध्याला जाणार असाल तर सान्जा उत्सवाचे तीन दिवस टाळावेत, किंवा मुद्दाम तेच साधून फक्त आसाकुसापुरता मार्गदर्शक घ्यावा.