मायकोरायझाची पुडी: मिरचीला लागू पडली, पालकाला नाही

नेरुळच्या एका नर्सरीतून मायकोरायझाचं पाकीट आणलं, पाव किलो, दीडशे रुपये. आत टाल्कसारखी मऊ करडी भुकटी, वास नाही. पाकिटावर गलेलठ्ठ कोबीचा फोटो. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, कशालाही घाला, चालतं." नेमकं तेच चालत नाही.

ही पुडी म्हणजे खत नव्हे, बुरशी आहे. झाडाला लागणारा स्फुरद (फॉस्फरस) मातीत असतो, पण नायट्रेटसारखा पाण्याबरोबर वाहत मुळाशी येत नाही. आपल्या कोकणातल्या तांबड्या मातीत तर लोह आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून बसतात. मुळावरच्या केसांची मजल मिलिमीटरभर. तेवढ्या अंतरातला स्फुरद संपला की मूळ उपाशी. ही बुरशी मुळाच्या पेशीत शिरते आणि बाहेर तिचे केसाहून बारीक तंतू कित्येक सेंटिमीटर लांब पसरतात. तिकडून स्फुरद आणतात, जस्तही आणतात. फुकट मात्र नाही. झाड स्वतः बनवलेल्या अन्नातला ४ ते २० टक्के वाटा साखर आणि स्निग्धांच्या रूपात तिला देतं.

आणि आवतण झाडच धाडतं! स्फुरद कमी पडला की मुळं स्ट्रायगोलॅक्टोन नावाची रसायनं सोडतात, त्यांनी बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात. जपानी संशोधकांनी हे २००५ मध्ये दाखवलं. माझं माहेर सोलापूरकडचं, म्हणून सांगते: ज्वारीच्या मुळावर जगणारं टारफुला हे तण उगवतं तेही याच रसायनांच्या चाहुलीनं. मित्राला धाडलेलं आवतण चोरानं वाचावं, तसं.

आता त्या मुलानं "जोडीला घ्याच" म्हणून डीएपी या रासायनिक खताची पिशवीही पुढे केली होती. डीएपीत स्फुरद भरपूर. तो आयता मिळाला की झाड बुरशीला बोलवेल कशाला? दोन्ही एकत्र विकणं म्हणजे दीडशे रुपये मातीत. मी डीएपी तिथेच ठेवली.

कोबीच्या फोटोचं तर हसूच येतं. कोबी, मोहरी, मुळा यांचं कूळ या बुरशीला थारा देत नाही. पालक-माठाचीही तीच गत. खिडकीच्या ग्रिलमध्ये पालेभाजीच लावणार असाल तर पाकीट घेऊ नका.

मिरचीचं सांगते. एकाच वाफ्यातली रोपं, काहींना खड्ड्यात पुडी घालून मुळं तिच्यावर टेकवली, काहींना नाही. कोकोपीट जास्त असलेल्या नव्या कुंड्यांत फरक दिसला: पुडीवाली रोपं आधी भरली, पानं गडद, दुपारच्या उन्हात कमी माना टाकत होती. पण सोसायटीच्या कंपोस्टवर वर्षानुवर्षं पोसलेल्या जुन्या कुंड्यांत काडीचा फरक नाही. त्या मातीत ही बुरशी आधीपासून नांदत असणार, असा माझा अंदाज. मोगऱ्याला वरून भुरभुरवली, तिथेही काही नाही. जिवंत मुळाला टेकल्याशिवाय ती वाढतच नाही.

आणखी एक अडचण म्हणजे काम झालं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मेथी उपटली तर मुळावरच्या गाठी नखानं फोडून आतला गुलाबी रंग बघता येतो, म्हणजे नत्राचे जिवाणू कामाला लागलेत. इथे मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं. कुंडीत वर दिसणारी पांढरी कापशी बुरशी म्हणजे हीच, असं समजून खूश होऊ नका. ती दुसरीच.

पाचापैकी तीन तारे. एक तारा त्या कोबीपायी गेला, एक दुकानापायी: जिवंत माल आणि रॅक भर उन्हात! मागितल्यावर आतल्या कपाटातून ताज्या तारखेचं पाकीट काढून दिलं, तेव्हा तुम्हीही मागा. आणि दहा-बारा कुंड्यांना पाव किलो फार होतं, लहान पाकीट असेल तर तेच घ्या.