सुटली होती फक्त वायर, गेले ४९,३०९ रुपये

गेल्या महिन्याच्या २० तारखेला दुपारी चारच्या सुमारास माझ्या डेस्कटॉपचं नेट बंद पडलं. सहा वाजायच्या आत खात्यातून ४९,३०९ रुपये गेले होते. आकडा मुद्दाम पूर्ण लिहिते: आधी १०, मग २४,९९९, मग १९,५००, शेवटी ४,८००.

मी यंत्रमागवाल्यांची आणि सूत व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं करते. २० तारीख म्हणजे ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, आणि सात पार्ट्यांची रिटर्न राहिली होती. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, वर व्याज, आणि बोलणी खायची मी. ही सबब आहे, मान्य आहे, पण खोटी नाही. एरवी मी अनोळखी माणसाला फोनवर साधी जन्मतारीखसुद्धा सांगत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ब्रॉडबँड कंपनीचा कस्टमर केअर नंबर मोबाइलवर शोधला आणि सगळ्यात वर जो आला तो लावला. कंपनीचं बिल टेबलाच्या खणात होतं, त्यावर खरा नंबर छापलेला होता. नंबर बिलावरूनच घ्या. सर्चमध्ये वर येणं म्हणजे खरं असणं नव्हे.

पलीकडचा आधी हिंदीत बोलला, मग त्याने ‘सिनियर’ला फोन दिला. तो स्वच्छ मराठी बोलत होता. "ताई, टेन्शन घेऊ नका, पाच मिनिटांत चालू करून देतो." कॉम्प्युटरला आज्ञा टाइप करून द्यायच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, म्हणजे नेटच्या जोडणीची माहिती दाखवणारी आज्ञा, टाइप करायला लावलं. स्क्रीनवर आलं, ‘मीडिया डिस्कनेक्टेड’. तो म्हणाला, "बघा ताई, केवायसी अपडेट नाही म्हणून कंपनीने तुमची लाइन डिस्कनेक्ट केली आहे. तुमच्याच स्क्रीनवर लिहून आलंय." मी विश्वास ठेवला. त्या शब्दांचा अर्थ एवढाच असतो की कॉम्प्युटरपर्यंत वायरचा सिग्नल पोचत नाही. केवायसीचा, कंपनीचा त्यात काही संबंध नाही. डेस्कटॉपच्या मागे वायर जिथे बसते तिथे बारीक दिवा असतो. तो लागत नसेल तर आधी वायर बघायची: दोन्ही टोकं काढून घट्ट बसवायची, राउटरचं दुसरं पोर्ट लावून बघायचं, दुसरी वायर लावून बघायची. माझा दिवा विझलेला होता. मी वाकून बघितलंच नाही.

पण माझी झोप उडवते ती गोष्ट वेगळीच आहे. त्याने व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवायची फाइल, पाठवली, आणि ती मी माझ्या ऑफिसच्या वायफायवर डाउनलोड केली. त्याच राउटरच्या वायफायवर! लाइन कंपनीने बंद केली असती तर ते वायफाय चाललंच कसं असतं? पुरावा माझ्या हातात होता, फोनच्या वरच्या कोपऱ्यात चिन्ह दिसत होतं. आणि बिघाड डेस्कटॉपचा, तर ॲप मोबाइलमध्ये कशाला? हे दोन प्रश्न तेव्हा विचारले असते तर आज हे लिहावं लागलं नसतं. महिना झाला, रोज रात्री मी ते प्रश्न त्याला विचारते.

ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मी दिली. फॉर्ममध्ये १० रुपये चार्ज भरायला डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे घातले. "आता अपडेट चालू आहे, वीस मिनिटं फोन उलटा ठेवा, हात लावू नका." मी ठेवला. ओटीपी येत होते आणि परस्पर त्याच्याकडे जात होते. मी एकही ओटीपी तोंडाने सांगितलेला नाही, हे बँकेला शंभर वेळा सांगून झालं.

५:४४ ला मेसेज बघितले आणि त्याच फोनवरून बँकेला फोन लावला. ही दुसरी चूक. आधी फोनचं नेट बंद करा, सिम काढा, दुसऱ्याच्या फोनवरून बोला. भाषेसाठी हे दाबा, कार्डासाठी ते दाबा, मग गाणं. मी गाणं ऐकत असताना ५:५८ ला ४,८०० गेले! माणूस भेटला तेव्हा ६:०७ झाले होते, आणि बँक आता म्हणते की तक्रारीची वेळ ६:०७. मग तेवीस मिनिटं मी कुणाशी बोलत होते? १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, लगेच कळवा, एवढंसुद्धा फोनवरच्या बँकेच्या मुलीने सांगितलं नाही. ते दिराच्या मुलाने सांगितलं. तिथे तक्रार नोंदल्यावर ते ४,८०० होल्डवर गेले. बाकीचे पुढच्या खात्यांत पसार झाले होते.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेले. "मॅडम, ओटीपी टाकल्याशिवाय पैसे जात नाहीत," एवढं एकच वाक्य. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं. त्यात स्पष्ट आहे की चूक ग्राहकाची हे बँकेनेच सिद्ध करायचं, आणि कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. साहेबांनी कागद उलटूनही पाहिला नाही. अर्जावर पोच द्यायला शिक्का सापडत नव्हता. मी पाऊण तास समोर बसून राहिले तेव्हा सापडला. पोच घेतल्याशिवाय उठू नका. पोलीस ठाण्यात म्हणाले, आधी ऑनलाइन करा. केलं होतं. मग प्रिंट आणा. आणली. मग जिल्ह्याच्या सायबरला जा. तिथले म्हणाले, तुमच्या ठाण्यातच घेतील. एकजण माझ्या तोंडावर म्हणाला, "शिकलेल्या बायका असून असं कसं करता?" चोरी माझी झाली आणि मान खाली घालायची तीही मीच. तीन फेऱ्यांचं एसटीचं भाडंसुद्धा कुणी मोजत नाही.

कॉम्प्युटर? २१ तारखेला गल्लीतला केबलवाला पोरगा आला. सफाईत टेबल सरकवलं तेव्हा कनेक्टरची प्लास्टिकची पट्टी तुटून वायर ढिली झाली होती. त्याने टोक कापलं, नवीन कनेक्टर दाबून बसवला, दिवा लागला. ८० रुपये घेतले. आणि २० तारखेला यूएसबीने मोबाइलचं नेट डेस्कटॉपला जोडलं असतं तर सातही रिटर्न त्याच संध्याकाळी गेली असती.

मंगळवारी बँकेकडच्या अर्जाला ३० दिवस होतात. उत्तर नाही. बुधवारी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार घालते आहे, शिक्क्याची पोच, ५:४४ ची कॉल नोंद आणि चारही मेसेज जोडून.